गुरम्मानं दाबून धरलं

जळकोटच्या बाजारपेठेत गुरम्माचं किराणा दुकान हाय. नवरा महादेवप्पा गेला तवा लोक म्हणले, आता ह्या दुकानाला टाळं लागतंय. पोरगं श्रीशैल लातूरला शिकवणीच्या क्लासमदी नोकरीला, त्याच्यानं तागडी धरणं होत न्हाई. सून अक्षरा जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीण. मंग गुरम्माच गादीवर बसली. बसली ती बसलीच. सकाळी आंघोळ, लिंगपूजा, कपाळाला विभूती, आन् एकदा दुकानात मांडी घातली की ती दिवे लागल्यावरच मोडायची.

समोर शेषेरावचं दुकान. तिकडं बी तीच साखर, तीच डाळ, तेच तेल. गुरम्माची गादी घटकाभर रिकामी दिसली की गिऱ्हाईक रस्ता ओलांडणार. दुसऱ्याच्या रानात तोंड घातलेली गाय आन् समोर वळलेलं गिऱ्हाईक सरळ वापस येत न्हाई, असं तिचं म्हणणं. शेषेरावचं घर त्याच्या दुकानाच्या मागंच, म्हणून त्याला बरं होतं. चहा घरचा, जेवण घरचं, आन् बाकीचं बी घरचंच. गुरम्माचं घर गावाच्या पार त्या टोकाला.

त्या सगळ्या रांगेत बायांना जायला जागा न्हाई. गडी माणसं पडक्या गोदामाच्या भिंतीमागं जाऊन येतेत. बाईनं कुठं जायचं, हे दुकानं बांधणाऱ्याच्या डोक्यातच आलं न्हाई. बाई गादीवर बसंल असं त्याला कुठं ठावं होतं. गुरम्मानं त्याच्यावर आपला इलाज काढला. पाणीच प्यायचं न्हाई. चहा घ्यायचा, तो बी अर्धा. आन् पोटात कळ आलीच तर दाबून धरायची.

"कळ म्हंजी उधारीच्या गिऱ्हाइकावानी असती," ती भाजीवाल्या केवळाबाईला सांगायची. "जरा येळ ताटकळत ठिवली की आपली आपण निघून जाती."

केवळाबाई तिच्याच दुकानाच्या पायरीवर मेथी-शेपूच्या जुड्या मांडून बसायची. ती म्हणायची, "अक्का, तुमच्या दारात आल्यावर कळीला बी उधार मिळत न्हाई म्हणा की."

गुरम्माचं माहेर उदगीरकडल्या एका खेड्यात. तिथं बाया पहाटच्या अंधारात रानात जायच्या, न्हाईतर दिवे लागल्यावर. दिवसा कुणी गेलीच, तर ती आजारी तरी, न्हाईतर निलाजरी तरी. लहानपणी अंगात भिनलेलं निघत न्हाई. अक्षरा सून म्हणून आली ती मुदखेडची, जंक्शनच्या गावात वाढलेली. तिच्यासाठी घरात संडास बांधला. भिंत झाली, कडी झाली, दिवा झाला. पण गुरम्माच्या पोटाला त्याची खबरच न्हाई. त्याला अंधारच लागायचा. पहाटं झालं तर झालं, न्हाई झालं तर गेलं उद्यावर. दोन-दोन, तीन-तीन दिवस उद्यावर जायचं. मंग मिसरी. सकाळी हिरड्याला मिसरी घासल्याबिगर पोट हलत न्हाई, ही तिची पक्की समजूत, आन् तिची एकटीचीच न्हाई, त्या भागातल्या लई बायांची.

मिसरीनं पोट हललं का न्हाई कुणास ठावं, दात मातर हलले. एकेक करून गेले. उदगीरला जाऊन कवळी केली, ती हिरड्याला काचायली, म्हणून डबीत घालून देवळीत ठिवून दिली. दात गेले तशी भाकर गेली. सगळ्या गावाला ज्वारी विकणारी बाई स्वतः दूधभात खायली, डाळीचं पिवळं पाणी भातावर घेऊन खायली, आन् दुपारी दुकानात चहात टोस्ट बुडवून खायली. कच्चं काय न्हाई, पालेभाजी न्हाई, सालासकट काय न्हाई.

अक्षरा म्हणायची, "आत्या, भाकर दुधात कुस्करून देऊ का? मऊ होती."

"मला काय म्हस समजलीस का, आंबोण कालवून द्यायला?"

त्यात गुडघे. दिवसभर मांडी घालून बसायचं, तर गुडघे धरणारच. मेडिकलवाल्याकडून आणलेली दुखण्याची गोळी आधी आठवड्याला एक होती. मंग रोज एक. मंग सकाळ-संध्याकाळ. डाक्टरला दाखवलं का, तर न्हाई. गोळी लागू पडतीय मंग डाक्टरला काय दाखवायचं.

असं ते चाललं होतं. चाललं होतं म्हंजी ढकलणं चाललं होतं.

दसऱ्याच्या आधी एका पहाटं गुरम्मा संडासातून उठली आन् पाणी टाकायला वाकली तर पांढऱ्या भांड्यात लाल. थोडं न्हाई, चांगलं लाल. तिनं भसाभसा पाणी ओतलं. मंग भिंतीला हात टेकून उभी राहिली. आतनं कडी लावलेली हाय का, हे तिनं आधी बघितलं. मंग घाम पुसला.

कुणी बी म्हणलं असतं, मूळव्याध असंल. ती बी स्वतःला तेच म्हणली. पण तिला आठवण आली ती थोरल्या बहिणीची. अक्काचं बी असंच लागलं होतं. रगत पडायलंय म्हणली, मूळव्याधच म्हणले सगळे, एका पुडीवाल्याच्या पुड्या वरीसभर खाल्ल्या, आन् शेवटी आतड्यात गाठ निघाली. ती वाईट गाठ. मोठ्या शहरात नेली. आपरेशनच्या खोलीत न्यायच्या आधी नर्सबाईनं अक्काच्या गळ्यातलं लिंग काढून रुमालात बांधून गुरम्माच्या हातात दिलं.

लिंगायताच्या घरात लेकरू जन्मलं की त्याच्या अंगावर लिंग येतं, ते मातीत जाईपर्यंत अंगावरच. ते उतरलं म्हंजी माणूस उघडं पडलं. गुरम्मा त्या दवाखान्यात रुमाल मुठीत धरून बाकड्यावर बसली होती. आतनं अक्का परत आली ती बोललीच न्हाई. तिसऱ्या दिवशी तिला उदगीरला आणून मातीत बसवली तवा तिच्या डाव्या हातावर लिंग ठिवलं. तेवढे दिवस तिची बहीण लिंगाबिगर होती, आन् ते लिंग गुरम्माच्या मुठीत होतं. ती गोष्ट गुरम्माच्या मनातून गेली न्हाई. गाठीचं भ्याव एक होतं, त्याच्याहून मोठं भ्याव त्या रुमालाचं होतं. दवाखाना म्हंजी रुमाल.

म्हणून गुरम्मानं हे बी दाबून धरलं.

त्या दिवसापासून तिच्या सकाळी बदलल्या. पहाटं उठायचं, जायचं, आन् मंग भांड्यात बघायचं का न बघायचं, ह्याच्यावर घटकाभर बसून ऱ्हायचं. एखाद्या दिवशी काय नसायचं. मंग दिवसभर गिऱ्हाइकाशी गोड बोलायची, लेकराला चॉकलेट फुकट द्यायची. एखाद्या दिवशी परत लाल. मंग तागडीतलं मापच चुकायचं. शेंगदाणे मागितले तर साबुदाणा द्यायची.

केवळाबाईनं ओळखलं. "अक्का, ध्यान कुठं हाय? पोरीच्या लग्नाचा घोर असल्यावानी करायलाव, तुम्हाला तर पोरगी बी न्हाई."

"काय न्हाई. झोप न्हाई झाली."

दिवाळी झाली आन् डाव्या अंगाला, बेंबीच्या खाली, दुखाय लागलं. आधी टोचल्यासारखं. मंग वाकलं की. मंग न वाकता. गुरम्मा गुडघ्याची गोळी घ्यायची, ती पोटाला बी लागू पडायची. तिला वाटलं, हे बरं झालं, एका गोळीत दोन कामं. दुखणं झाकलं जायलंय आन् आत वाढायलंय, हे तिला कोण सांगणार. कुणी सांगाय तिनं कुणाला सांगितलं तर पायजे.

पण एका दुपारी दुखणं गोळीला ऐकंना. गुरम्मा गादीवर बसल्या जागी वाकडी झाली. केवळाबाई पायरीवरून उठून आत आली.

"कुठं दुखायलंय?"

"हितं."

"बेंबी सरकली बगा. पोतं उचललं असंल."

"न्हाई गं, कुठलं पोतं."

"मंग पेरूच्या बिया अडकल्या. परवा मीच दिल्ता तुम्हाला पेरू. तुम्हाला दात न्हाईत, तुम्ही गिळला असंल."

केवळाबाईच्या हाताला गुण हाय, असं अर्धं जळकोट म्हणतंय. बाळंतिणी, सरकलेल्या बेंब्या, पोटातले गोळे, सगळं ती तेल लावून चोळून बसवती. तिनं गोण्यांच्या मागं पोतं अंथरलं, गुरम्माला उताणी केली, दुकानातलंच करडीचं तेल घेतलं आन् अंगठ्यानं पोट दाबाय लागली. गुरम्मानं लुगड्याचा पदर तोंडात कोंबला. हिरड्यांनी चावला.

"आता बसली बगा," केवळाबाई म्हणली. "जाग्यावर आली."

गुरम्मानं दोन गोळ्या एकदम घेतल्या आन् उठून बसली. दिवे लागेपर्यंत बसली. घरी जाताना गल्लीत तीनदा थांबली, पण थांबली तिथं कुणाच्या तरी लेकराची चौकशी करायची, म्हंजी कुणाला वाटू नये की बाई थांबली.

दुसऱ्या दिवशी अक्षरा शाळेत खिचडीचं वाटप बघायली होती तवा तिला फोन आला. शेषेरावचा. हा माणूस आजवर तिच्याशी कवा बोलला नव्हता. धंद्यातलं वैर असलं तरी नंबर त्याच्याकडं होता.

"मास्तरीणबाई, मी समोरचा शेषेराव बोलायलोय. तुमच्या सासूबाईची गादी घटकाभर झालं रिकामी हाय."

"गेल्या असतील घरी."

"इतक्या वर्षांत मी ती गादी दिवसा रिकामी बघितली न्हाई. तुमचं गिऱ्हाईक माझ्याकडं यायलंय, माझं काय नुकसान न्हाई. पण लक्षण बरं न्हाई. या तुम्ही."

अक्षरा आली तर दुकान उघडं, गादी रिकामी, आन् सासू गोण्यांच्या मागं कुशीवर मुटकुळं करून पडलेली. अंग तव्यासारखं. पोटाला हात लावला तर गुरम्मानं सुनेचा हात धरून बाजूला केला, आन् तो हात सोडलाच न्हाई.

"आत्या, लातूरला जायचं."

"न्हाई. सांजच्याला उतरंल ताप."

"उतरायचा असता तर तुम्ही गादीवर असता."

शेषेरावनंच त्याच्या भाच्याची गाडी आणून दारात उभी केली. गाडी जळकोटातून निघाली. रस्त्यातला एकेक खड्डा गुरम्माच्या पोटानं मोजला. शिरूर मागं पडल्यावर ती डोळे न उघडता म्हणली, "अक्षरा, रगत बी पडतंय."

"कुठून?"

"खालून. संडासच्या वाटंनं."

"कवापासून?"

"दसऱ्याच्या आधीपासून."

अक्षरानं फकस्त गाडीवाल्याला म्हणलं, "जरा दमानं, पण थांबू नका." हे दोन्ही एकदम कसं करायचं, ते त्या गाडीवाल्यालाच ठावं.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर विनीता होत्या. मूळच्या नांदेडच्या, बोलायला सरळ, चेहऱ्यावर फुरसत न्हाई. त्यांनी पोट तपासलं. दाबलं तवा दुखलं, पण हात एकदम उचलला तवा जास्त दुखलं. त्यांच्या कपाळावर आठी आली, ती गुरम्मानं बघितली. आठ्या वाचायला गादीवर बसून शिकली होती ती.

"मावशी, खरं सांगा. जेवता काय?"

"भात. दूध."

"भाकरी? भाजी?"

"दात न्हाईत."

"पाणी किती पिता?"

गुरम्मानं सुनेकडं बघितलं. अक्षरा म्हणली, "पीतच नाहीत मॅडम. दुकानाजवळ जायला जागा नाही म्हणून."

"संडासची घाई लागली तर?"

"धरती," गुरम्मा म्हणली.

"कधीपासून धरता?"

ह्याला गुरम्मा हसली. पोट दुखत असताना बी हसली. "बाई, तुम्ही जन्मला नसाल तवापासून."

मंग गोळ्यांचं निघालं. मिसरीचं निघालं. केवळाबाईच्या अंगठ्याचं निघालं. डॉक्टरबाई लिहीत होत्या, तिथं त्यांचा हात थांबला.

"दाबलं? इथं? जोरानं?"

"तिच्या हाताला गुण हाय."

"हाताला गुण असेल मावशी, पण ही बेंबी नव्हतीच." त्यांनी पेन खाली ठेवलं. "ऐका. वर्षानुवर्षं पोट साफ नाही, खाण्यात कोंडा नाही, पाणी नाही, बसून राहायचं, कुंथायचं. आतड्याला जोर लावावा लागतो. मग आतड्याची भिंत जिथं कच्ची असते तिथून बाहेरच्या अंगाला बारक्या पिशव्या येतात. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा येतो ना, तशा. ज्यांना येतात त्या सगळ्यांना त्रास होतोच असं नाही. पण त्यातली एखादी सुजते, पिकते. त्यातून रक्तही येतं. आणि दुखण्याच्या गोळ्या रोज खाल्ल्या तर ती फुटायला मदतच होते."

"जुनं पोतं," गुरम्मा म्हणली.

"काय?"

"जुनं पोतं ठासून भरलं की जिथं शिवण कच्ची तिथं फुगार येतो. तसं."

"तसंच. आता ते पोतं फाटलंय का, ते बघायचंय. फाटून आतली घाण पोटात पसरली तर आज पोट उघडावं लागेल. म्हणून आधी सीटी करायचं."

"आन् गाठ?"

तोवर हा शब्द कुणी काढला नव्हता. अक्षरानं खाली बघितलं.

"त्यांच्या थोरल्या बहिणीला होती," ती हळूच म्हणली. "आतड्याची."

डॉक्टरबाईंनी ते बी लिहिलं. पण 'न्हाई' म्हणल्या न्हाईत. गुरम्मानं ते बी वाचलं.

श्रीशैल पळत आला तवा त्याची आई मशीनच्या खोलीच्या दारात चाकाच्या खुर्चीवर बसलेली आन् तिथंच अडून बसलेली. आतला माणूस म्हणला होता, गळ्यातलं, हातातलं, सगळं काढून ठिवा. बांगड्या तिनं काढून दिल्या. मंगळसूत्र महादेवप्पासंगच गेलं होतं. गळ्यात राहिली लिंगाची चांदीची डबी, दोऱ्यात ओवलेली. त्या डबीवर तिनं हात ठिवला आन् तो काय उचलंना.

"अव्वा, काढ. एवढ्याशा कामाला थांबलीस?"

"न्हाई."

"अव्वा, आत फुटलं असंल तर—"

"फुटू दे."

"मी धरतो ना बाहेर, माझ्या हातात. स्वच्छ रुमालात."

त्यानं रुमाल काढला. चांगला, इस्त्रीचा. तो रुमाल बघून गुरम्माचं तोंड असं झालं की अक्षरानं नवऱ्याचा हात धरून रुमाल परत त्याच्या खिशात कोंबला.

"तुमच्या मावशीच्या वेळचं," ती एवढंच म्हणली. श्रीशैलला कळलं. तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

ताप चढत होता. गुरम्माचे दात असते तर वाजले असते. मागं स्ट्रेचरवर अजून एक म्हातारा नंबराला होता, त्याचे नातेवाईक कुरकुर करायले. आतला माणूस दारातून म्हणला, "मावशी, तुम्हाला फक्त झोपायचंय. हात असे डोक्याच्या वर घ्यायचे, पोट मोकळं पाहिजे."

"हात वर?" गुरम्मा म्हणली.

"हो, दोन्ही. मशीनच्या बाहेर राहतात."

गुरम्मानं गळ्यातली डबी वर ओढली, उघडली, आन् आतलं काळं लिंग काढून डाव्या हाताच्या तळव्यावर ठिवलं. रिकामी डबी सुनेकडं दिली.

"चांदी तू धर. हे माझ्यापाशी राहील."

मशीनवाल्यानं बघितलं, खांदे उडवले. पोटाचा फोटो, हात बाहेर, त्याला काय अडचण नव्हती. अक्षरानं नर्सकडून कापडी पट्टी मागितली आन् सासूचा तळवा लिंगासकट बांधला, सैल न्हाई, आवळ न्हाई. लिंगायताच्या घरात वाढलेल्या तिला बी ठावं होतं, माणसाच्या तळहातावर लिंग असतं ते रोज पूजेला, आन् एकदा मातीत बसवताना. गुरम्माला तर ते दिसतच होतं. डाव्या हातावर लिंग, आन् ती खोली थंड, अंधारी, आन् आत सरकणारी.

"पूजेला बसल्यावानी धरा, आत्या," अक्षरा म्हणली.

"माहिती हाय मला कसं धरायचं."

आत मशीनमधून आवाज आला, श्वास धरा. ते तिला जमण्यासारखं होतं. जन्मभर तेच केलं होतं.

फुटलं होतं. पण सुईच्या टोकाएवढं, आन् बाजूच्या चरबीनं ते झाकून घेतलं होतं. तिथं थोडा पू साचला होता. पोटभर पसरला नव्हता. डॉक्टरबाई म्हणल्या, इंजेक्शनवर पू उतरवायचा प्रयत्न करू, न्हाई उतरला तर सुई घालून काढू, त्यानं बी न्हाई झालं तर आपरेशन. तोंडानं काय खायचं न्हाई, पाणी बी न्हाई.

"आंघोळ न्हाई, पूजा न्हाई, तर मी तशी बी खात नसते," गुरम्मा म्हणली.

ताप आधी हलला न्हाई. अक्षरा शाळेतून रजा काढून कॉटच्या खाली चटईवर राहिली. श्रीशैल दर तासाला नर्सला ताप विचारायचा, नर्स त्याला बघून दुसरीकडून जायला लागली. मंग एका सकाळी ताप उतरला आन् वर आलाच न्हाई.

गुरम्मानं परत विचारलं, "आन् गाठ?"

"फोटोत दिसत नाही," डॉक्टरबाई म्हणल्या. "पण एवढ्या सुजेत नक्की सांगता येत नाही. मी खोटं सांगणार नाही. दीड-दोन महिन्यांनी आतून दुर्बिणीनं बघू. मग सांगेन."

ते दोन महिने म्हंजी काय, हे ज्याच्यावर आलं त्यालाच ठावं. ताप न्हाई, दुखणं न्हाई, फकस्त वाट बघणं. गुरम्मा घरी राहिली. शाळा सुटल्यावर अक्षरा सांजच्याला दुकान उघडायची. गुरम्मा पहाटं उठून भांड्यात बघायची, आन् लाल दिसलं न्हाई तरी तिला वाटायचं, आत लपून बसलं असंल. अक्काला बी मधी काही दिवस बरं वाटलं होतं.

खाणं बदललं. एकदम न्हाई, डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं, हळूहळू. आधी पातळ आंबील, मंग शिजवलेला दोडका, मंग दुधात कुस्करलेली भाकर. गुरम्मानं ती निमूट खाल्ली.

"आंबोण," ती म्हणली.

"म्हशीला रोज द्यायचं असतं," अक्षरा म्हणली.

उदगीरला जाऊन कवळी घासून नीट बसवून आणली. गुडघ्याच्या गोळ्या बंद झाल्या आन् गुडघे बोंबलायले. मिसरीची डबी तिनं स्वतः उकिरड्यावर टाकली, दुसऱ्या दिवशी शोधायला गेली, सापडली न्हाई. केवळाबाई एकदा येऊन उंबऱ्यातच बसून गेली. "अक्का, माझ्यामुळं झालं का ओ?" गुरम्मानं तिला सांगितलं, डाक्टरीण म्हणली ह्या एका दाबण्यानं झालेलं न्हाई, लई वर्षांचं हाय. हे खरंच होतं. पण केवळाबाईनं पोटं चोळायचं तवापासून सोडलं. बाळंतिणीची पाठ तेवढी चोळती.

दुर्बिणीच्या आदल्या दिवशी श्रीशैलच्या लातूरच्या खोलीवर औषध प्यायचं होतं. बाटलीभर पाण्यात कालवलेलं, खारट-गोड, गिळवंना असं. त्यानं पोट सगळं रिकामं होतं. झालं बी. जी बाई जन्मभर उजेडात गेली न्हाई, ती भर दुपारी, खालच्या गल्लीत भाजीवाला ओरडत असताना, परत परत उठून गेली. धरायचं म्हणलं तरी धरता येईना. श्रीशैलनं टीव्हीचा आवाज मोठा केला. गुरम्मा आतून म्हणली, "बारीक कर ते. सगळ्या इमारतीला कळू दे, मला काय."

दुसऱ्या दिवशी डाव्या तळव्यावर लिंग, वर पट्टी. ह्या येळी पट्टी अक्षरानं बांधली न्हाई, गुरम्मानं नर्सला सांगून बांधून घेतली, कशी बांधायची ते बी सांगितलं. झोपेचं इंजेक्शन दिलं. डोळे मिटायच्या आधी तिनं मूठ आवळली.

जाग आली तवा तिनं आधी तळवा चाचपला. हाय. मंग सुनेकडं बघितलं. अक्षराचे डोळे भरलेले. त्याच्यावरून काय कळंना, रडायचे डोळे दोन्हीकडं सारखेच.

"सांग."

"न्हाई, आत्या. गाठ न्हाई. पिशव्या हायत, लई हायत. पण गाठ न्हाई."

"नीट बघितलं का त्यांनी?"

"बघितलं."

डॉक्टर विनीता आल्या तवा त्यांना बी विचारलं. त्या म्हणल्या, पिशव्या राहणार, जाणार न्हाईत, परत सुजू शकतात. कोंड्याचं खाणं, पाणी, चालणं, आन् घाई लागली की उठायचं.

"उठायचं," गुरम्मा म्हणली. "ह्योच तर घोळ हाय."

संक्रांतीच्या पुढं ती दुकानात परत बसली. पायरीवर केवळाबाई, समोर शेषेराव, शेजारी पाण्याचा तांब्या. दुपारी पोटात कळ आली. जुनीच कळ, ओळखीची. समोर एक बाई साखरेला उभी होती. गुरम्माचा हात सवयीनं तागडीकडं गेला. तिनं तो मागं घेतला, गुडघ्यावर टेकवला आन् उठली.

"अक्का, साखर?"

"थांब. न्हाईतर शेषेरावकडून घे."

"निघालाव कुठं?"

"संडासला."

बाईनं इकडंतिकडं बघितलं. केवळाबाईनं मेथीची जुडी हातात तशीच धरली. घर गावाच्या त्या टोकाला, आन् कळ काय तेवढी वाट बघणारी नव्हती. गुरम्मा दुकानातून उतरली आन् सरळ रस्ता ओलांडून शेषेरावच्या दारात गेली.

"शेषेराव, तुमच्या घरात जाऊ का मागं?"

शेषेरावनं तराजूतून मान वर केली. एवढी वर्षं समोरासमोर बसून ह्या बाईनं त्याच्याकडं कवा काय मागितलं नव्हतं.

"जावा की, अक्का. सरळ जाऊन डाव्या हाताला. तवर तुमचं गिऱ्हाईक फोडत न्हाई."

"फोडा. यायचं असंल तर परत येतंय ते."

ती आत गेली. कडी लावली. दिवा लावला, दिवस असून बी. उठल्यावर पाणी टाकायच्या आधी तिनं वाकून बघितलं. हे तिचं सुटलं न्हाई, सुटणार बी न्हाई. आज लाल नव्हतं. तिनं पाणी टाकलं, हात धुतले, आन् बाहेर शेषेरावची बायको उभी होती तिला म्हणली, "उद्या बी येईन."